समजून घ्या : नर्मदेत नौकासफर करायचीय? नंदुरबारहून बेत आखताना आधी पाणी बघा, मग कडे

नर्मदेच्या नावाने फिरणारे ते व्हिडीओ तुमच्याही मोबाइलवर आले असतील. दोन्ही बाजूंना दुधासारखे पांढरे कडे, मधून हिरवट पाण्याची चिंचोळी वाट आणि तिच्यातून सरकणारी वल्ह्यांची होडी. नंदुरबारच्या वाचकाला हे पाहून पहिला प्रश्न पडतो, तो साहजिकच आहे. नर्मदा तर आपल्याच जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून वाहते, मग हे पांढरे कडे नेमके कुठे आहेत आणि दोन दिवसांच्या सुट्टीत तिथे जाता येईल का?

कडे आहेत मध्य प्रदेशात, जबलपूरजवळच्या भेडाघाटला. आपल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या नर्मदेतही होडीने फिरता येतं, पण तिथला खडक वेगळा, पाणी वेगळं आणि होडीचं कामही वेगळं. सुट्ट्यांच्या तोंडावर या दोन्ही ठिकाणांची माहिती एकाच हॅशटॅगखाली मिसळली जाते आणि बेत तिथेच चुकतो. म्हणून दोन्ही सफरी नीट वेगळ्या करून समजून घेऊ.

पांढरे कडे आपल्याकडे का नाहीत?

नर्मदेची एकूण लांबी १,३१२ किलोमीटर. त्यापैकी महाराष्ट्राच्या वाट्याला येते ती फक्त ७४ किलोमीटरची सीमारेषा. पहिले ३५ किलोमीटर समोरच्या काठावर मध्य प्रदेश, पुढचे ३९ किलोमीटर गुजरात. हा सगळा पट्टा नंदुरबार जिल्ह्यातला, सातपुड्याच्या उत्तर उतारावरचा. इथला डोंगर म्हणजे दख्खनचा काळा पाषाण, बेसॉल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर साचून तो तयार झाला. म्हणून इथल्या डोंगरांना पायऱ्या दिसतात, रंग काळा-तपकिरी असतो.

भेडाघाटचा खडक याहून फार जुना, सुमारे दोन अब्ज वर्षांचा. तेव्हाच्या समुद्रात चुन्याचा गाळ साचला, त्याचा चुनखडक झाला. पुढे जमिनीच्या पोटातल्या उष्णतेने आणि दाबाने तोच चुनखडक भाजून-दाबून निघाला, त्याचा संगमरवर बनला. (शाळेत चुनखडक म्हणजे शंखशिंपल्यांचा खडक असं शिकवतात. इतक्या जुन्या समुद्रात शंखशिंपले जन्मालाच आले नव्हते.) या संगमरवरात मॅग्नेशियमही भरपूर आहे. मधूनमधून काळपट-हिरव्या शिरा दिसतात, त्या नंतर घुसलेल्या ज्वालारसाच्या.

अशा दऱ्या इतक्या सरळसोट का कापल्या जातात? पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होतं. चुन्याचा खडक त्यात हळूहळू विरघळतो. पाणी आधी भेगांमधून शिरतं, भेग रुंदावते, तिची घळ होते, आणि बाजूचा खडक भिंतीसारखा उभा राहतो. चीनमधली ली नदी आणि व्हिएतनामचा हा लाँग उपसागर, दोन्हीकडचे जगप्रसिद्ध सुळके याच रसायनाने घडलेत.

चुनखडक बघायला जबलपूरपर्यंत जायलाच हवं असंही नाही. नर्मदेच्या उत्तरेला, धार जिल्ह्यातल्या बाग परिसरात चुनखडकाचे थर उघडे पडलेत. डायनोसॉरच्या काळात पश्चिमेकडून समुद्र या खोऱ्यात शिरला होता, त्याची ही खूण. तिथे सागरी जीवांचे जीवाश्म मिळतात. होडी मात्र नाही.

गंमत अशी की फोटोत आपलं बॅकवॉटर हा लाँगसारखंच दिसतं. पाण्यातून वर आलेले एकेकटे डोंगरमाथे, मध्ये वळणावळणाचं पाणी. साम्य खरं आहे, कारण दोन्ही बुडालेली भूदृश्यं आहेत. तिथले डोंगर समुद्राने बुडवले. इथले धरणाने.

भेडाघाटचा बेत कसा आखायचा?

नंदुरबार रेल्वेमार्गावर आहे, हा मोठा फायदा. भुसावळ, खंडवा, इटारसी असा मार्ग धरला तर जबलपूर सुमारे ७०० किलोमीटर पडतं. सुरतहून निघणारी ताप्ती-गंगा एक्सप्रेस नंदुरबारवरूनच जबलपूरला जाते. तिचं आरक्षण मिळालं नाही तर भुसावळला गाडी बदलायची, तिथून मुंबई-जबलपूर मार्गावर पर्याय बरेच आहेत. जबलपूर शहरातून भेडाघाट वीस-पंचवीस किलोमीटर. रिक्षा, टॅक्सी, बस सगळं मिळतं. वाटेत तेवर गाव लागतं. कलचुरी राजांची त्रिपुरी ती हीच. १९३९चं काँग्रेसचं गाजलेलं अधिवेशन याच परिसरात त्रिपुरीच्या नावाने भरलं होतं.

भेडाघाटला दोन गोष्टी आहेत आणि लोक त्या एकच समजतात. एक धुआंधार धबधबा. दुसरी त्याच्या खालच्या अंगाची संगमरवरी घळ. होडी धबधब्यापाशी मिळत नाही. ती पंचवटी घाटावरून सुटते, घळीत जाऊन परत येते, साधारण पाऊण ते एक तास लागतो. कडे ठिकठिकाणी शंभर फुटांपर्यंत उंच आहेत. नाविक वल्ही मारता मारता यमक जुळवून हिंदीत समालोचन करतात. कुठल्या कड्यावर कुठल्या सिनेमाचं चित्रीकरण झालं, कुठला खडक कशासारखा दिसतो, वगैरे. अर्ध्याहून जास्त विनोद जुने असतात, तरी माणसं हसतात. ‘बंदर कूदनी’ नावाच्या जागी दोन्ही कडे इतके जवळ येतात की पूर्वी माकडं उडी मारून पलीकडे जायची, असं सांगतात.

आता मुख्य मुद्दा, तारखेचा. पावसाळ्यात इथली होडी बंद असते. साधारण जूनच्या मध्यापासून किंवा अखेरीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. नेमकी तारीख दरवर्षी पाण्यावर ठरते, म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबरचं तिकीट काढण्याआधी स्थानिक चौकशी हवीच. घळ अरुंद असल्यामुळे नदीला थोडं जास्त पाणी आलं तरी ते आडवं पसरू शकत नाही, ते वरच चढतं. मोठ्या पुरात धुआंधार धबधबासुद्धा पाण्याखाली नाहीसा होतो. जो पाऊस पाहायला आपण जातो, तोच इथलं दृश्य झाकून टाकतो.

पाऊस संपला म्हणजे प्रश्न संपला असंही नाही. भेडाघाटच्या वर बरगी धरण आहे. तिथून पाणी सुटलं की निरभ्र आकाशाखालीही घळीतली पातळी बदलते आणि होड्या थांबवल्या जातात. म्हणून भेडाघाटसाठी एक मुक्काम राखीव ठेवा. सकाळी पोहोचून संध्याकाळची परतीची गाडी, असा बेत इथे धोक्याचा.

ऑक्टोबरच्या शेवटापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ सगळ्यात चांगला. शरद पौर्णिमेच्या आसपास इथे नर्मदा महोत्सव भरतो आणि चांदण्यातली होडी हे त्याचं मोठं आकर्षण. पौर्णिमेच्या रात्रींना होडी सोडणार की नाही, हे मात्र त्या-त्या वेळी विचारूनच ठरवा.

कड्यांवर आग्या मोहोळं लटकलेली असतात. धूर, मोठा आवाज, दगड मारणं यांतलं काहीही करू नका. अरुंद घळीत होडीतून पळायला जागा नसते. हा सल्ला गंमतीचा नाही.

वेळ उरला तर टेकडीवरचं चौसष्ट योगिनी मंदिर बघा, कलचुरींच्या काळातलं, सुमारे हजार वर्षं जुनं. लम्हेटा घाटही जवळ आहे. खडकांच्या ज्या थरांत देशातले डायनोसॉर सापडतात, त्या ‘लॅमेटा’ थरांचं नाव या घाटावरून पडलं. भारतातली डायनोसॉरची पहिली हाडं १८२८ साली जबलपुरातच मिळाली. भेडाघाट-लम्हेटाघाट परिसर २०२१ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांच्या संभाव्य यादीत आहे.

आणि आपल्या जिल्ह्यातली नर्मदा?

इथे सूर बदलावा लागतो. धडगाव आणि अक्कलकुवा तालुक्यातलं हे पाणी सरदार सरोवराचं बॅकवॉटर आहे. धरण गुजरातेत, केवडियाला. पाणी मागे २१४ किलोमीटरपर्यंत पसरतं. त्यात महाराष्ट्रातली ३३ गावं बाधित झाली. मणिबेली, चिमलखेडी, भुषा, डोमखेडी, निमगव्हाण ही नावं आंदोलनाच्या बातम्यांमधून राज्यभर पोहोचली. मणिबेलीजवळचं शूलपाणेश्वराचं जुनं मंदिरही पाण्याखाली गेलं. नवं मंदिर गुजरातमध्ये गोरा इथे बांधलं आहे. परिक्रमेची पुस्तकं वाचलेल्यांना ‘शूलपाणीची झाडी’ माहीत असते, ती हीच. परिक्रमावासी नर्मदा ओलांडत नाहीत, फक्त मुखाशी समुद्रावर नावेने पलीकडे जातात. तेव्हा तुमच्या गटात कुणी परिक्रमेत असेल तर त्याला पलीकडच्या काठावर फिरवून आणण्याचा आग्रह करू नका.

पाणी चढलं तेव्हा नदीकाठच्या पायवाटा बुडाल्या, ओढ्या-नाल्यांच्या जागी पाण्याच्या शाखा तयार झाल्या. काही वस्त्या टापूवर राहिल्या. बाजार, रेशन, शाळा, बाळंतपण, सगळ्यासाठी होडी. आरोग्य खात्याचे तरंगते दवाखाने याच पाण्यातून गावोगाव जातात. २०२० मध्ये, करोनाच्या काळात, चिमलखेडीच्या एका अंगणवाडी सेविकेची बातमी देशभर गेली होती. लाभार्थी बालकं आणि गरोदर महिलांपर्यंत पोहोचण्यासाठी ती स्वतः होडी वल्हवत जायची, जाऊन-येऊन १८ किलोमीटर.

म्हणजे भेडाघाटची होडी पर्यटकासाठी आहे, इथली होडी ही एसटी आहे. त्यात तुम्हाला जागा मिळणं म्हणजे गावातल्या कुणाची तरी जागा तुम्ही घेणं, असंही होऊ शकतं. बाजाराच्या दिवशी, सणाच्या दिवशी, सकाळच्या पहिल्या फेरीत तर नक्कीच. जायचंच असेल तर पूर्ण होडी वेगळी ठरवा, पैसे आधी ठरवा, आणि गावकऱ्यांच्या नेहमीच्या फेरीत घुसू नका. पाड्यांवर उतरून घरांचे, बायका-मुलांचे फोटो न विचारता काढणं तर कुठेच शोभत नाही.

पातळी कुठे आणि कशी बघायची?

सरदार सरोवराची पूर्ण संचय पातळी १३८.६८ मीटर. दरवाजे लावण्याची परवानगी २०१७ मध्ये मिळाली, पण धरण पहिल्यांदा काठोकाठ भरलं ते सप्टेंबर २०१९ मध्ये. वर्षाचं चक्र साधारण असं: पावसाळ्याच्या शेवटी पाणी सगळ्यात वर, मग सिंचन आणि वीजनिर्मितीसाठी ते उतरत जातं, आणि मे-जूनमध्ये तळाच्या बाजूला. हा फरक अनेक मीटरचा असतो. डोंगर उताराचा असल्यामुळे पाणी थोडं खाली गेलं तरी काठ खूप दूर सरकतो. ऑक्टोबरमध्ये जिथे रस्त्याच्या टोकाशी होडीत पाय ठेवता येतो, तिथे मेमध्ये चिखलाचा उभा उतार लागतो. म्हाताऱ्या माणसांना घेऊन जाणार असाल तर हा एकच मुद्दा बेत फिरवायला पुरेसा आहे.

उतरत्या पाण्यात आणखी एक धोका असतो. बुडालेल्या झाडांची खोडं पृष्ठभागाच्या जरा खाली येतात. वरून दिसत नाहीत, होडीचा तळ मात्र त्यांना शोधून काढतो. रोज ये-जा करणाऱ्या स्थानिक नावाड्याला ती जागच्या जागी पाठ असतात. बाहेरून बोट आणून फिरण्याची कल्पना म्हणून सोडून द्या.

चढतं पाणीही फसवं. इंदिरा सागर आणि ओंकारेश्वर ही मध्य प्रदेशातली धरणं वर आहेत. तिकडून विसर्ग सुरू झाला की धडगावात ऊन असतानाही पाणी वाढतं. केंद्रीय जल आयोग देशातल्या प्रमुख जलाशयांचा साठा दर आठवड्याला जाहीर करतो, त्यात सरदार सरोवर असतं. गुजरातच्या माध्यमांत तर पावसाळ्यात ही पातळी रोज येते. निघण्याच्या आठवड्यात दोन-तीन दिवसांचे आकडे शेजारी ठेवून बघा. आकडा किती यापेक्षा तो वर चाललाय की खाली, हे जास्त महत्त्वाचं.

पाणी किती हट्टी असतं याचं एक उदाहरण बिलगावचं. धडगाव तालुक्यातल्या या गावाने २००३ मध्ये श्रमदानातून १५ किलोवॅटचा छोटा जलविद्युत प्रकल्प उभा केला. ‘स्वदेस’ चित्रपटातल्या वीजनिर्मितीमागे याच प्रकल्पाची प्रेरणा असल्याचं सांगितलं जातं. सिनेमातला बल्ब अजून लागतो. गावातला खरा प्रकल्प धरणाची उंची वाढल्यावर २००६ मध्ये पाण्याखाली गेला.

होडीत पाय ठेवण्याआधी काय बघायचं?

१५ जानेवारी २०१९. मकर संक्रांतीनिमित्त नर्मदेच्या पूजेला निघालेल्या भाविकांची होडी धडगाव तालुक्यात भुषा पॉइंटजवळ उलटली. किमान पाच जणांचा जीव गेला, त्यात लहान मुलं होती. होडीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती, असं तेव्हाच्या बातम्या सांगतात.

‘चार माणसं जास्त बसली तर काय होतं?’ याचं उत्तर साध्या गणितात आहे. समजा होडी पाण्यावर १४ चौरस मीटर जागा व्यापते. सरासरी ६० किलोची २० माणसं जास्त चढली म्हणजे १,२०० किलो वाढले. तेवढं वजन पेलायला होडीला १.२ घनमीटर पाणी बाजूला सारावं लागतं. १.२ भागिले १४, म्हणजे होडी साडेआठ सेंटिमीटर खाली बसते. कड आणि पाणी यांच्यात मुळात वीतभरच अंतर असेल, तर जवळजवळ अर्धं अंतर इथेच संपलं. मग सगळे एका बाजूला सेल्फीसाठी सरकले, किंवा कुणी उभं राहिलं, की गुरुत्वमध्य वर आणि बाजूला जातो, कड पाण्याला टेकते आणि पाणी आत येतं. आत आलेलं पाणी झुकलेल्या बाजूकडेच धावतं, म्हणून होडी आणखी झुकते. इथून पुढे सावरायला काही सेकंदच मिळतात.

त्यामुळे काठावर उभं राहूनच बघा, होडीची कड पाण्याच्या किती वर आहे. एक वीतसुद्धा नसेल तर दुसरी होडी किंवा दुसरी फेरी. भीड वाटते, विशेषतः सगळा गट बसून झालेला असताना, पण ही भीड घाटावरच मोडायची असते. लाइफ जॅकेट आहेत का, यापेक्षा ती अंगात घातली आहेत का आणि बकल लागतात का, हे बघा. मोठ्यांचं जॅकेट लहान मुलाला घातलं तर पाण्यात ते डोक्यावरून निघून जातं. मुलांच्या मापाचं नसेल तर मुलांना नेऊ नका. जॅकेट बाकाखाली बांधून ठेवलेलं असेल तर ते नसल्यातच जमा.

कायद्याची बाजू थोडक्यात. अंतर्देशीय नौका कायदा, २०२१ नुसार यांत्रिक नौकेला नोंदणी आणि तपासणीचं प्रमाणपत्र लागतं. ते दाखवा म्हणायचा प्रवाशाला संकोच नको. धडगाव किंवा अक्कलकुव्याच्या तहसील कार्यालयात आणि स्थानिक पोलीस ठाण्यात जाण्याआधी सांगून ठेवलं तर कुठल्या घाटावरून होडी सुरू आहे आणि कुठे बंदी आहे, हेही कळतं.

वेळ सकाळचीच ठेवा. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर अचानक वावटळ सुटते आणि रुंद पाण्यावर तिला अडवायला काही नसतं. २१ मे २०२४ रोजी उजनीच्या बॅकवॉटरमध्ये कळाशी-कुगाव दरम्यानची होडी संध्याकाळच्या वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा मृत्यू झाला. त्या पाण्यावर रोजची वाहतूक होती, नावाडीही सरावलेला होता. वारा त्याने थांबत नाही.

पोहायला उतरू नका. सरोवरात मगरी आहेत, आणि बुडालेल्या झाडांत पाय अडकतो.

मुलांना, आजी-आजोबांना घेऊन सोपं काही?

मग केवडियाचा विचार करा, आताचं एकतानगर. नंदुरबारहून अक्कलकुवा, सागबारा, डेडियापाडा, राजपिपळा अशा रस्त्याने एका दिवसात पोहोचता येतं. धरणाच्या खालच्या बाजूला श्रेष्ठ भारत भवनपासून १८२ मीटरच्या पुतळ्यापर्यंत ‘एकता क्रूझ’ चालते. सहा किलोमीटरचा फेरा, तिकीट, वेळापत्रक, रेलिंग सगळं आहे. संगमरवर नाही आणि शांतताही फारशी नाही. पण चार वर्षांच्या मुलाला नर्मदा दाखवायची असेल तर मी हाच पर्याय सुचवेन.

धडगाव-अक्कलकुव्याकडे जाणाऱ्यांसाठी शेवटची कामाची गोष्ट. मोलगीच्या पुढे आणि नदीच्या खोऱ्यात मोबाइलला अनेक ठिकाणी रेंज नसते. ११२ किंवा १०८ लावायचा म्हटलं तरी आधी डोंगर चढावा लागतो. ऑफलाइन नकाशा घरूनच उतरवून घ्या, यूपीआयवर विसंबू नका, नावाड्यासाठी सुटे पैसे ठेवा. आणि कुठल्या घाटावरून, किती वाजता, कितीजण निघणार व कधी परतणार, हा मेसेज रेंज असतानाच घरच्यांना पाठवा.